बॅलन्स बारावर

आज परत तेच. पोळ्या निवत चालल्या होत्या आणि मी अँप्लिफायरसमोर वाकून उभी. आतून विचारणा झाली, "परत बिघडला का?" म्हटलं, "नाही, छान चाललाय." छान चाललाय हेच तर दुखणं आहे. पण ते जेवायच्या वेळी कुणाला समजावत बसायचं? म्हणून इथे लिहितेय.

शनिवारी तो लॅमिंग्टन रोडवरून परत आला. दुरुस्तीवाले काका मोजकंच बोलणारे. मोठे कंडेन्सर बदलले, पॉट म्हणजे नॉबच्या आतले भाग धुतले, दोन ठिकाणी सोल्डर सुटलं होतं ते पक्कं केलं, एवढं सांगितलं आणि मी पर्समधून पैसे काढत असताना जाता जाता म्हणाले, "बॅलन्स एका साइडला गेला होता, तो मध्ये आणून ठेवलाय." मी बरं म्हटलं. टॅक्सीत तो जड डबा मांडीवर घेऊन बसले तेव्हा ते वाक्य परत ऐकू आलं.

गेला होता म्हणजे काय? बॅलन्स म्हणजे डाव्या-उजव्या स्पीकरला किती किती आवाज द्यायचा ते ठरवणारा नॉब, आणि कुठेही गेला नव्हता तो. तिथेच होता. घड्याळाच्या भाषेत सांगायचं तर दहावर. मला कळायला लागलं तेव्हापासून दहावर. गिरगावात दहावर, आणि आप्पा, म्हणजे माझे वडील, नाशिकला ताईकडे गेले, अँप्लिफायर माझ्याकडे डोंबिवलीला आला, तेव्हाही दहावरच. बारावर असतात ते बेस आणि ट्रेबल. व्हॉल्यूमला हात लावायचा तर विचारून. लाउडनेसचं बटण दाबायचं नाही म्हणजे नाही. बॅलन्सबद्दल कधी कुणी काही बोललंच नव्हतं, कारण बॅलन्सला हात लावावा असं आमच्यापैकी कुणाच्या मनातही आलं नव्हतं. काही गोष्टी घरात असतात तशा असतात.

दुरुस्तीला टाकायचं कारण वेगळंच होतं. तो गुणगुणायला लागला होता. म्हणजे पूर्वीही थोडा गुणगुणायचाच, पण दिवाळीपासून फारच. घरातली वीज पन्नास हर्ट्झची, ती आत गेल्यावर सरळ केली जाते तेव्हा तिचे शंभर हेलकावे होतात, आणि ते सपाट करणारे कंडेन्सर म्हातारे झाले, आतून वाळले, की ते शंभर हर्ट्झ स्पीकरमधून ऐकू यायला लागतात. शंभर हर्ट्झ म्हणजे पेटीच्या खर्जातल्या पांढरी पाचच्या किंचित वर. पांढरी पाच अठ्ठ्याण्णवच्या आसपास येते. म्हणजे आमच्या घरात एक जरासा चढा लागलेला तंबोरा कायम चालू होता, आणि कुठलीही रेकॉर्ड लावली की त्या दोघांचं जमायचं नाही. गेले काही महिने मी सकाळी काहीही लावणं बंदच केलं होतं. ते आता गेलं. पूर्ण गेलं. कान लावून बसलं तरी नाही. त्याबद्दल काकांना शंभर नमस्कार.

शनिवारी रात्री किशोरीताईंचा भूप लावला. काय सांगू. तंबोरा असा उभा राहिला की एकेक तार वेगळी धरता यावी. जवारीची ती झिणझिण, जी मला वाटायचं की रेकॉर्ड झिजल्यामुळे कमी झालीय, ती तिथेच होती, आमच्या कंडेन्सरांखाली दबून. सत्तरच्या दशकातला सान्सुई, एयू-२१७, एका बाजूला तीस वॅट. आजकाल फोनला जोडायच्या डबड्यावरसुद्धा याच्या कितीतरी पट वॅट छापलेले असतात. पण सान्सुई ही मुळात ट्रान्सफॉर्मर बनवणारी माणसं, १९४७ पासूनची, आणि या डब्याचं अर्धं वजन त्या ट्रान्सफॉर्मरचंच असावं असं तो उचलताना वाटतं. (मामाने १९७९ मध्ये कुवेतहून आणला. आता सान्सुई म्हटलं की लोक विचारतात, टीव्ही का? कारण पुढे ते नाव आपल्याकडे औरंगाबादच्या व्हिडिओकॉनने टीव्हीवर लावलं. मी आता उत्तर देत नाही. हो म्हणते.)

तर आवाज सुंदर. आणि बाई उजव्या स्पीकरमध्ये.

म्हणजे समोर नाहीत. इतकी वर्षं दोन स्पीकरांच्या मधून, बरोबर माझ्या समोरून यायचा तो आवाज उजवीकडे सरकून बसला होता. आधी वाटलं काकांनी तारा उलट्या जोडल्या. मग नॉब बघितला. बारावर. सरळ, कायदेशीर, मधोमध. मग हळूहळू लक्षात आलं की वाकडी मी आहे. माझी खुर्ची दोन स्पीकरांच्या मध्ये नाहीये, चांगली हातभर उजवीकडे आहे. खिडकीचा उजेड पुस्तकावर पडावा म्हणून ती तिथे ठेवलीय असं मी स्वतःला आणि सगळ्यांना सांगत आले. पण रात्री ऐकायला बसतानाही मी तिथेच बसते, आणि रात्री कसला आलाय उजेड? डावा स्पीकर मोठा होता म्हणून मी सरकत सरकत उजव्याच्या जवळ गेले, गाणं मधोमध येईपर्यंत. फरशीवर खुर्चीच्या पायांचे ओरखडेसुद्धा पडलेत. त्या नॉबने मला बसवलं आणि मला पत्ताही लागला नाही.

नॉब परत दहावर नेला असता की संपलं असतं. नेलाही. पण आता कळलं होतं ना. आता तो दहावर ठेवला की मुद्दाम ठेवल्यासारखं वाटतं, आणि बारावर ठेवला की घर दुसऱ्या कुणाचं.

मग डोक्यात जे शिरलं ते रविवारभर निघेना. आप्पांनी तो डावीकडे का फिरवला असेल? डावी बाजू मोठी कुणाला लागते? ज्याला डाव्या कानाने कमी ऐकू येतं त्याला. आणि एकदा हे सुचल्यावर पुरावे रांगेत येऊन उभे राहिले. फोन नेहमी उजव्या कानाला. जेवताना आई नेहमी उजवीकडे. लग्नाच्या पंगतीत डाव्या बाजूच्या पाहुण्याला नुसतं हसून दाखवायचे, बोलायचे उजवीकडच्याशी. आणि मी, कॉलेजातून उशिरा आले की दारातून, म्हणजे त्यांच्या डावीकडून, काय काय बोलायचे, आणि ते वर बघायचे नाहीत. ती सगळी वर्षं मी धरून बसले होते की त्यांना माझ्याशी बोलायचं नसतं. त्या इंजिनिअरिंगच्या प्रकरणानंतर तर... जाऊ दे, ते इथे नको.

रविवारी दुपारी मी चक्क रडले. अँप्लिफायरच्या झाकणावर हात ठेवून. कुणी सांगितलं नाही मला, एवढंच वाटत राहिलं. आईला माहीत असणार. ताईला माहीत असणार, तिला सगळं माहीत असतं. त्या घरात जे काही दुखरं होतं ते माझ्यापासून लपवून ठेवायचे, धाकटी म्हणून, आणि जे निस्तरायचं असेल ते मात्र माझ्याकडे यायचं, जवळ राहते म्हणून. गिरगावची खोली रिकामी कुणी केली? रेकॉर्डी बुरशी पुसून कुणी ठेवल्या? आणि माझी खुर्चीसुद्धा, बघा, त्यांच्या कानाच्या हिशेबाने ठेवलेली. हे असं तासभर चाललं. यात थोडी मजाही येत होती, हे आता मान्य करायला हरकत नाही.

काल संध्याकाळी नाशिकला फोन केला. ताईने दिला. एकदम कसं विचारणार? म्हणून आधी दुरुस्तीचं सांगितलं. कंडेन्सर कुठले टाकले, किती व्होल्टचे, जुने परत मागून घेतले का, सगळी उलटतपासणी झाली. मग म्हटलं, "आप्पा, तो बॅलन्स तुम्ही दहावर का ठेवला होता?"

"कुठला?"

"बॅलन्स. डावीकडे फिरवलेला असायचा तो."

बराच वेळ काही नाही. मी तयारीत होते. डोळेही भरत आले होते.

"अगं, उजवा स्पीकर वहिनींच्या भिंतीला होता ना. त्यांचा मुलगा बारावीला."

वहिनींचा मुलगा! तो आता कॅनडात असतो, त्याची मुलं बारावी होऊन गेली.

"मग निकाल लागल्यावर परत मध्ये का नाही आणला?"

"राहिलं."

राहिलं! एवढंच. आणि लगेच पुढचा प्रश्न, "बिल किती झालं?" मी आकडा थोडा कमी करून सांगितला, तरी म्हणाले, जास्त घेतले.

फोन ठेवल्यावर मला हसू आवरेना, आणि रागही आला. रागाचं कारण सांगताना लाज वाटते. माझं सुंदर दुःख त्यांनी एका शब्दात मोडीत काढलं. कानाबद्दल विचारलंच नाही शेवटी. कान खरंच कमी असेलही, फोन उजव्या कानाला धरायचे हे खोटं नाही. पण ऐंशी ओलांडलेल्या माणसाला आता विचारून काय करायचं? आणि त्यांनी माझे कान विचारले तर? परवा मोबाईलवर सूर चढवत नेत बघितलं. बारा हजार हर्ट्झच्या पुढे माझ्यासाठी शांतता. लेकीला पुढचंही ऐकू येत होतं, ती कानावर हात ठेवून "आई, बंद कर" म्हणत होती आणि मी विचारत होते, काय बंद करू?

पण नॉबचं काय करायचं ते अजून सुटलेलं नाही. मी खुर्ची हलवून बघितली. मधोमध आणली की ती बरोबर स्वयंपाकघराच्या वाटेत येते, आणि काल रात्री पाणी प्यायला उठलेल्या माणसाची करंगळी तिला आपटली. स्पीकर हलवावेत तर उजवा कपाटाला टेकतो. अकरावर ठेवून बघितला, तर बाई ना धड समोर, ना धड उजवीकडे.

आज दुपारी रेकॉर्ड पुसताना एक गंमत आठवली. एलपीवर आवाज मुळात वाकडाच कोरलेला असतो. खर्ज दाबून आणि तार चढवून. खर्ज पूर्ण ताकदीने कोरला तर खाचा इतक्या रुंद होतील की एका बाजूवर पुरेसं गाणंच मावणार नाही, आणि वरचे सूर चढवून कोरले तर वाजवताना ते खाली आणले की पृष्ठभागाची खसखस त्यांच्याबरोबर खाली बसते. अँप्लिफायरच्या फोनो भागात तो वाकडेपणा बरोबर उलटा करून सरळ होतो. किती वाकवायचं याचं माप १९५४ पासून ठरलेलं आहे, म्हणून अमेरिकेत कोरलेली रेकॉर्ड डोंबिवलीत नीट वाजते. माप ठरलेलं असलं की वाकडेपणाचं काही वाटत नाही. आमच्या दहाचं माप कुणाला ठाऊक होतं? एका बारावीच्या पोराला, आणि तेही एका वर्षापुरतं.

तूर्तास बारावर आहे. खुर्ची खिडकीशी, ओरखड्यांवर. गाणं उजवीकडून येतं, येऊ दे. दिवसा मी तिथे वाचते. रात्री सगळे झोपल्यावर खुर्ची उचलून मध्ये आणते, ऐकते, आणि झोपायला जाताना परत नेऊन ठेवते. उचलूनच. ओढली तर खालचे वर येतील.

आणि रात्रीच्या त्या बारीक आवाजात मी लाउडनेस दाबते. हो. दाबते. आवाज कमी केला की माणसाच्या कानाला खालचे सूर आधी कमी ऐकू यायला लागतात, हे बेल लॅबच्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच मोजून ठेवलंय, आणि ते बटण बरोबर त्याचसाठी आहे. दाबलं की तंबोऱ्याचा खर्ज परत खोलीत येतो. आप्पा म्हणायचे, ते गाण्याला लिपस्टिक लावणं आहे. काल फोन ठेवता ठेवता त्यांनी विचारलंच, "लाउडनेस बंद आहे ना?"

"बंद आहे," म्हटलं.