‘४८ तास थांबा’ म्हणे!

वेबसाइट बनवायला मी आपली आपणच शिकले. नोकरीसाठी नाही, कुणी मागे लागलं म्हणूनही नाही. पक्षी बघायचा नाद आहे, त्याच्या नोंदी वह्यांमध्ये पडून होत्या, त्या कुठेतरी नीट मांडायच्या होत्या, एवढंच. पानाचा मजकूर आणि सांगाडा मांडणारं एचटीएमएल पंधरवड्यात जमलं. पानाचं रूप ठरवणाऱ्या सीएसएसने रडवलं खरं, पण ते आता आठवतसुद्धा नाही. आठवतात ते शेवटचे तीन दिवस. त्यात मी कोडची एक ओळ लिहिली नाही, नुसती रिफ्रेश दाबत बसले होते.

साइट तयार होती. होस्टिंगवर, म्हणजे साइट ठेवायला घेतलेल्या सर्व्हरवरच्या जागेत, फाइली चढवल्या होत्या आणि त्यांनी दिलेल्या लांबलचक तात्पुरत्या पत्त्यावर ती झकास दिसत होती. आता फक्त मी विकत घेतलेलं नाव, म्हणजे डोमेन, तिला जोडायचं बाकी होतं. नाव एका कंपनीकडचं, होस्टिंग दुसरीकडचं. नाव जिथे घेतलंय तिथल्या डीएनएसच्या (नावावरून सर्व्हर शोधून देणाऱ्या यंत्रणेच्या) पानावर जाऊन डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसाठी एक सीनेम नोंद (हे नाव म्हणजे त्या दुसऱ्या पत्त्याचंच टोपणनाव, असं सांगणारी) टाका, असं होस्टिंगवाल्यांनी सांगितलं. पाच मिनिटांचं काम.

त्या फॉर्ममध्ये चार रकाने होते: प्रकार, नाव, मूल्य, टीटीएल (उत्तर किती सेकंद लक्षात ठेवायचं तो आकडा). ‘नाव’ विचारलं म्हणून मी नाव लिहिलं, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूपासून डॉट कॉमपर्यंत अख्खं. नाव विचारल्यावर माणूस पूर्णच सांगणार ना! सेव्ह केलं, हिरवी खूण आली. खाली बारीक अक्षरांत सूचना होती, की बदल लागू व्हायला ४८ तास लागू शकतात.

पहिल्या रात्री दर दहा मिनिटांनी उघडून पाहिलं. सर्व्हर सापडत नाही. दुसऱ्या दिवशी मदत कक्षाला लिहिलं. उत्तर लगेच आलं, अगदी गोड भाषेत: ‘प्रोपगेशन सुरू आहे, कृपया ४८ तास थांबा.’ प्रोपगेशन म्हणजे बदल सगळीकडे पसरणं. थांबले. ४८ तास उलटून गेल्यावर पुन्हा लिहिलं, सोबत नोंदीचा स्क्रीनशॉटही जोडला. पुन्हा तेच उत्तर, फक्त या वेळी ‘अजून’ हा शब्द वाढला होता. तो स्क्रीनशॉट कुणी उघडून पाहिला असेल असं मला आजही वाटत नाही. आणि खरं सांगायचं तर पाहिला असता तरी त्यात चूक दिसलीच नसती.

कारण त्या पानावर लांब नाव पूर्ण दिसतच नव्हतं. रकाना अरुंद, म्हणून नावाची सुरुवात दाखवायची आणि पुढे तीन टिंबं. तिसऱ्या रात्री मी त्या टिंबांकडे चिडून बघत होते आणि एकदम लक्षात आलं, अरे, हे तर टेक्स्ट-ओव्हरफ्लो: इलिप्सिस, न मावणारा मजकूर कापून टिंबं दाखवणारी सीएसएसची ओळ! गेल्याच आठवड्यात पक्ष्यांच्या यादीत मी स्वतः वापरलं होतं. राइट क्लिक केलं, पानाचं कोड दाखवणारं ब्राउझरचं इन्स्पेक्ट उघडलं, ओव्हरफ्लो: हिडन या ओळीपुढची टिक काढली. टिंबं गेली आणि अख्खं नाव रकान्याबाहेर सांडलं. माझं डोमेन त्यात दोनदा होतं. डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू, माझं नाव, डॉट कॉम, आणि त्याला चिकटून परत माझं नाव, डॉट कॉम.

त्या रकान्यात फक्त ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’ एवढंच लिहायचं असतं; पुढचं डोमेन ते पान स्वतः जोडतं. रकान्याशेजारी हे एका ओळीत लिहिता आलं असतं. पण दुसऱ्याच्या पानातली चूक दुसऱ्याच्याच सीएसएसमधून शोधल्याचा आनंद एवढा होता, की रात्री एक वाजता मी टाळी वाजवली.

नोंद सुधारली आणि तरीही साइट उघडेना! इथे मी खरंच रडकुंडीला आले. वैतागून वायफाय बंद करून फोनच्या डेटावर उघडली, तर समोर माझा खंड्या, निळाशार. लॅपटॉपवर मात्र अजून ‘सापडत नाही’.

मग शांतपणे वाचलं, तेव्हा कळलं, की ‘प्रोपगेशन’ हा शब्दच दिशाभूल करणारा आहे. काही कुठे पसरत वगैरे नसतं. आपली नोंद आपल्या नेमसर्व्हरवर, म्हणजे आपल्या डोमेनच्या नोंदी सांभाळणाऱ्या सर्व्हरवर असते. मधले सर्व्हर त्याला विचारतात आणि मिळालेलं उत्तर टीटीएलइतके सेकंद लक्षात ठेवतात. ‘असं नाव नाही’ हे उत्तरसुद्धा लक्षात ठेवतात, आणि ते किती वेळ, याचा वेगळा आकडा डोमेनच्या एसओए नावाच्या मुख्य नोंदीत असतो. हा नियम १९९८ पासूनचा आहे. माझ्याकडे तो आकडा १०८०० होता, म्हणजे तीन तास. नोंद सुधारण्याच्या मिनिटभर आधी मीच रिफ्रेश दाबून ताजा नकार घेऊन ठेवला होता. माझी घाईच मला नडली.

त्यामुळे नवख्यांना सांगते, थांबण्याआधी विचारा. कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘एनएसलुकअप’, पुढे आपलं पूर्ण नाव, आणि त्यापुढे आपल्या नेमसर्व्हरचं नाव (ते डीएनएसच्या पानावरच दिलेलं असतं). म्हणजे मधल्यांना वगळून थेट मालकालाच प्रश्न. तिथेच नोंद नसेल तर ४८ तास काय, ४८ महिने थांबूनही ती येणार नाही. तिथे असेल तर मात्र खुशाल झोपायला जा. दम निघत नसेल तर विंडोजवर ‘आयपीकॉन्फिग /फ्लशडीएनएस’ करून पाहा, पण त्याने फक्त आपल्या मशीनची आठवण पुसली जाते, मधल्या सर्व्हरची नाही. मी डीएनएस बदलून गूगलचा ८.८.८.८ हा सर्व्हर लावायला निघाले होते, तेवढ्यात ते तीन तास संपले.

बाकीचं शिकताना काय झालं, असं लोक विचारतात. फ्लोट वापरून रकाने पाडायला शिकवणारे जुने धडे सोडून द्या. रकान्यांसाठीच असलेलं सीएसएसचं ग्रिड २०१७ पासून सगळ्या मोठ्या ब्राउझरांमध्ये आहे, मी उगाच फ्लोटपासून सुरुवात केली. कॅमेऱ्यातला चार हजार पिक्सेल रुंदीचा फोटो चारशेच्या चौकटीत तसाच टाकू नका. मराठी मथळ्यांना लेटर-स्पेसिंग देऊ नका, शिरोरेषा तुटते. आणि हो, हे आधीच सांगायला हवं होतं: असलेली साइट नव्या होस्टिंगवर हलवणार असाल तर एक दिवस आधी टीटीएल ३०० करून ठेवा, म्हणजे मधले सर्व्हर जुना पत्ता पाच मिनिटांत विसरतील.

दुसऱ्या दिवशी सकाळी मदत कक्षाचा मेल आला होता. तुमची अडचण आम्ही सोडवली आहे, कृपया पाचपैकी तारे द्या.