कागदावरच्या सळईला जाडी नसते

साइटवर पहिल्यांदा थ्रीडी घेऊन गेले ते इमारत पूर्ण झाल्यावरचं चित्र होतं. काचा, सावल्या, दारात दोन झाडं. फिटर मिस्त्री ‘छान आहे मॅडम’ म्हणाले आणि पुन्हा ड्रॉइंगची सुरळी उलगडून बसले. बरोबरच होतं त्यांचं. ते चित्र गिऱ्हाइकासाठी होतं. त्यात ना सळई होती, ना शटरिंग.

मी स्ट्रक्चरल डिझायनर. ‘४–२५’, म्हणजे २५ मिमीच्या चार सळ्या, असं लिहून एक रेघ ओढली की माझ्यापुरत्या बीमच्या वरच्या सळ्या झाल्या. पण रेघेला जाडी नसते, म्हणून कागदावर सळ्या एकमेकींना कधी अडत नाहीत. अडतात त्या साइटवर, बहुधा काँक्रीटच्या आदल्या संध्याकाळी.

असाच फोन आला. बीमच्या सळ्या कॉलमच्या जोडातून जात नव्हत्या. त्या रात्री कसंबसं निभावलं. पण पुढचा मजला यायच्या आत तेवढा एकच जोड मी मॉडेलमध्ये खऱ्या जाडीच्या सळ्या घालून उभा केला आणि वाईट वाटलं. कॉलम ३०० मिमी रुंद, बीमही तेवढाच. कॉलमचं कव्हर, म्हणजे सळ्यांबाहेरचा काँक्रीटचा थर, ४०; उभ्या सळ्यांना वेढणारी रिंग १०; कोपऱ्यातली सळई २५. म्हणजे दोन्ही बाजूंनी ७५ गेले. मधे राहिले १५०. त्यात २५च्या चार सळ्या बसवायच्या तर दोन सळ्यांत जेमतेम सोळा-सतरा मिमीची फट. आमची खडी २० मिमीची! हे गणित तोंडी करता आलं असतं, हो. पण केलं नव्हतं.

मॉडेल घेऊन गेले तेव्हा मिस्त्रींनी दोन बोटांनी ते फिरवलं, एकदा खालून पाहिलं. मग म्हणाले, ‘तुम्ही सळई गुळगुळीत धरलीय. काटे धरा, पंचविसाची अठ्ठावीस भरते.’ त्यांनी मला कधी असं काही सांगितलं नव्हतं. प्लॅनवर सांगणार तरी कुठे बोट ठेवून? उपायही त्यांचाच: दोन सळ्या वर, दोन खाली, मधून काँक्रीट दाबायच्या व्हायब्रेटरची नीडल उतरेल. सळ्यांचा दुसरा थर खाली गेला की बीमची कामी येणारी खोली (इफेक्टिव्ह डेप्थ) घटते, म्हणून मी हिशोब पुन्हा मांडला. बीम ५० मिमीनं खोल करावा लागला.

मधल्या काळात एक उपद्व्यापही केला होता. आर्किटेक्ट, प्लंबिंग आणि एसीवाले यांची मॉडेलं आयएफसी या सामाईक स्वरूपाच्या फाइलींतून एकत्र आणली. सॉफ्टवेअर प्रत्येकाचं वेगळं असलं तरी आयएफसी बहुतेकांना वाचता येतं. २०१३पासून ते आयएसओ १६७३९ हे मानक आहे. मग कुठली वस्तू कुठल्या वस्तूत घुसतेय हे शोधणारी क्लॅश तपासणी चालवली. शेकडो टकरी निघाल्या, त्यांतल्या बहुतेक निरर्थक: इन्सुलेशन भिंतीला घासतंय, असल्या. तरी सगळी यादी साइटला पाठवून मोकळी झाले. कुणी उघडलीसुद्धा नाही.

आता मी आधी चाळते. पाइप बीममधून जातोय, डोक्याला जिन्याचा बीम लागतोय, एवढंच ठेवते. टॅबलेटवर उन्हात काही दिसत नाही आणि धुळीच्या बोटांनी तो चालत नाही, म्हणून रंगीत ए३ कागद छापते: एका पानावर एकच जोड, आधी बसणाऱ्या सळ्या निळ्या, नंतरच्या केशरी. मोजमापं फक्त लागतील तेवढी. पहिल्या पानावर मी सगळीच टाकली होती; मिस्त्रींनी निम्मी पेन्सिलीनं खोडून कागद परत दिला.

खोल केलेल्या बीमचं मात्र अजून मिटलेलं नाही. त्याच्याखालून एसीचा डक्ट जातो. बीम बदलल्याबरोबर मॉडेलमध्ये डक्ट लाल झाला, म्हणजे बीमला अडला. डक्ट खाली घ्यावा तर फॉल्स सीलिंग खाली येतं आणि आर्किटेक्ट एक सेंटिमीटरही द्यायला तयार नाहीत. उद्या तिघं एकाच स्क्रीनसमोर बसणार आहोत. मिस्त्रींनाही बोलावलंय.