आमची वाटचाल : गोठलेलं खोबरेल, मटाराच्या शेंगा आणि अंगणातलं ऊन

2009च्या जूनमध्ये नाशिकला राहत्या घराच्या खालच्या दोन खोल्यांत आम्ही बालवाडी सुरू केली, तेव्हा पटावर 7 मुलं होती. मी आणि माझ्या जाऊबाई, अशा दोघीच. त्यांनी बालवाडी शिक्षिकेचा कोर्स केलेला, मी काही वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलेलं. सासऱ्यांनी गाडी लावायची जागा रिकामी करून दिली, दिरांनी अंगणात वाळूचा हौद बांधला. एवढ्यावर उभं राहिलो.

पहिला डिसेंबर आला तसे पालक विचारू लागले, "नाताळचं काय करणार?" शहरातल्या मोठ्या शाळांमध्ये सजावट असायची, मग आपणही मागे राहू नये असं वाटलं. कापसाचे गठ्ठे आणले, थर्माकोलचे गोळे आणले, बर्फाचा माणूस केला. मुलांनी केला असं म्हणायचं, पण रात्री अकरापर्यंत बसून चिकटवला आम्ही दोघींनी. दुसऱ्या दिवशी चार वर्षांच्या एका मुलीने त्याला हात लावला आणि विचारलं, "ताई, हा गार का नाही?"

मला उत्तर देता आलं नाही. तिने बर्फ पडताना पाहिला नव्हता, मीही पाहिलेला नव्हता.

त्याच आठवड्यात आमच्या मदतनीस मावशी एका मुलीची वेणी घालायला बसल्या आणि बाटलीतून खोबरेल निघेना. पांढरंशुभ्र गोठलेलं. सगळी मुलं भोवती जमली. जाऊबाईंनी बाटली उचलून अंगणात उन्हाला ठेवली आणि कुणाला काही सांगितलं नाही. मुलं बसून राहिली. कडेने तेल सुटायला लागलं, मधला पांढरा गोळा लहान होत गेला, आणि शेवटी एक मुलगा ओरडला, "संपला!" पुढच्या दिवशी आम्ही शेजारी गोडेतेलाचीही बाटली ठेवली. ती तशीच पातळ. "हे का नाही गोठलं?" हा प्रश्न पुढे आठवडाभर पुरला. खोबरेल साधारण 24 अंशांच्या खाली गोठायला लागतं, शेंगदाण्याच्या तेलाला त्याहून खूप जास्त थंडी लागते. मुलांना आकडा नको असतो. एका बाटलीत बोट घालून दुसरीतलं तेल तळहातावर घेतलं की त्यांना फरक कळतो.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, ते शंखशिंपले, पानं, बिया, आजूबाजूला मिळेल ते हाताशी घेऊन. जाऊबाईंनी हे कोर्समध्ये वाचलं होतं. त्या बाटलीपाशी ते आम्हाला खरं उमगलं. पुढच्या वर्षीपासून कापसाचा बर्फ बंद केला. दोन पालकांनी मुलं काढून घेतली. 15 मुलांच्या बालवाडीत दोन म्हणजे थोडी नव्हेत, त्या महिन्यात मावशींचा पगार मी माझ्या साठवणीतून दिला.

नाताळ मात्र सोडला नाही. आमच्याकडे येणाऱ्या एका ख्रिस्ती कुटुंबातल्या आजी दरवर्षी डबाभर करंज्या आणतात, कागदाची चांदणी कशी दुमडायची ते दाखवतात. मुलांना तेवढा नाताळ पुष्कळ होतो.

थंडीतलं आमचं सगळ्यात लाडकं काम म्हणजे मटार सोलणं. शेंगेची शीर अंगठ्याने आणि तर्जनीने दाबायची, फट पडली की दाणे वाटीत. पेन्सिल धरायला लागणारी बोटं याने तयार होतात, गिरवून गिरवून होत नाहीत. हे मी पालकांना अजून दरवर्षी सांगते. भोगीच्या आधी मुलंच पावटे निवडतात, हरभऱ्याचे घाटे सोलतात आणि त्याच दुपारी ती भाजी तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरीबरोबर खातात. घरी वांग्याला हात न लावणारी मुलंही खातात, कारण त्यात त्यांनी सोललेलं असतं.

2012च्या संक्रांतीला एका मुलाच्या घशात अख्खा शेंगदाणा अडकला. जाऊबाईंनी त्याला ओणवं धरून पाठीवर थापा दिल्या, दाणा बाहेर पडला. चूक आमची होती. दाणे आम्हीच वाटले होते. त्या दिवसापासून वर्गात अख्खा दाणा येत नाही, लाडवात कूटच असतो. द्राक्षांच्या गावात राहूनही द्राक्ष उभं चिरून चार फोडी केल्याशिवाय कुणाच्या हातात देत नाही. बोरनहाणात डोक्यावरून कुरमुरे, लाह्या आणि झेंडूच्या पाकळ्या टाकतो. बोरं बिया काढून ताटात, हलवा पुडीत बांधून घरी. ज्यांच्या घरी लहान मूल आहे त्यांनी एवढं तरी कराच.

अशाच एका बोरनहाणात एका मुलाच्या आजी मागे भिंतीला टेकून उभ्या होत्या. नवरा गेल्यामुळे त्या पुढे येत नव्हत्या. जाऊबाईंनी औक्षणाचं तबक आधी त्यांच्या हातात दिलं. तेव्हापासून आमच्याकडे ओवाळायला आई, आजी, बाबा, जो बरोबर येईल तो.

2020च्या मार्चमध्ये बालवाडी बंद झाली. 41 मुलांवरून 9 वर आलो. त्या हिवाळ्यात दर सोमवारी घरोघरी पुडी पोचवली. थोड्या मटाराच्या शेंगा, मूठभर गहू, एक चिठ्ठी. फी निम्मी घेतली, काहींकडून घेतलीच नाही. मावशी आणि आमच्याबरोबर शिकवणाऱ्या दोन्ही ताई टिकल्या, म्हणून आम्ही टिकलो.

आता 54 मुलं आहेत आणि आम्ही सहाजणी. डिसेंबर-जानेवारीत वर्ग साडेआठऐवजी साडेनऊला भरतो, पहिला तास अंगणात उन्हात. ऊन चढलं की मूल स्वतः स्वेटर काढतं, बटणं स्वतः सोडतं, घडी स्वतः घालतं. त्याला वेळ लागतो, लागू देतो. नव्या पालकांना यंदाही चिठ्ठी गेली आहे : कानटोपीवर नाव घाला, आणि घरात खोबरेलाची रिकामी पारदर्शक बाटली असेल तर धुऊन पाठवा.