पावसात मोजलेला उतार

सुगम्यता तपासणी, म्हणजे दिव्यांगांना इमारत वापरता येते का याची पाहणी, बहुतेक ठिकाणी फेब्रुवारी-मार्चमध्ये उरकली जाते. आर्थिक वर्ष संपत आलेलं असतं, जमीन कोरडी असते, टेप आणि पाणसळ घेऊन दोन तासांत इमारत मोजून होते. नवी मुंबईतल्या ज्या इमारतीबद्दल लिहितो आहे, तिथे तळमजल्यावर वाचनालय आहे आणि वर सभागृह. तिचीही तपासणी मार्चमध्येच झाली होती आणि रॅम्पसमोर ‘१:१२, योग्य’ अशी नोंद होती, म्हणजे बारा मीटर लांबीला एक मीटर चढ. जुलैमध्ये दोन वाचकांनी ‘पावसात रॅम्प चढवत नाही’ असं लेखी कळवलं, म्हणून आम्ही तिघं पुन्हा गेलो. मोजमापं घेणारा मी, रोज व्हीलचेअर वापरणाऱ्या एक ताई आणि पांढऱ्या काठीने चालणारे एक सहकारी. सकाळपासून पाऊस लागून होता. तो दिवस आम्ही त्यासाठीच निवडला होता.

इमारतीचं जोतं अंगणापासून ४८० मिमी उंच. इथे जोती उंच ठेवण्याला कारण आहे: अतिवृष्टी आणि खाडीची भरती एकत्र आली की सखल भागातलं पाणी ओसरायला वेळ लागतो. रॅम्पची लांबी ५.८ मीटर. भागाकार केला तर १:१२ येतो, म्हणजे मार्चची नोंद खोटी नव्हती. पण ती सरासरी होती.

उतार जागोजागी मोजायची साधी पद्धत सांगतो. ६०० मिमीची पाणसळ उताराच्या दिशेने ठेवायची, बुडबुडा मधोमध येईपर्यंत तिचं खालचं टोक उचलायचं आणि त्या टोकाखालची फट मोजायची. ५० मिमी भरली की उतार १:१२. दर अर्ध्या मीटरवर एक माप. इथे पहिल्या ४.८ मीटरमध्ये फट ४४-४५ मिमी होती, छान सौम्य उतार. शेवटच्या एका मीटरमध्ये मात्र ती ७३ मिमी निघाली, म्हणजे साधारण १:८. सरासरीत हा चढ दडून गेला होता.

कारण तिथेच दिसलं. प्रवेशाच्या ओट्यावरची जुनी कोटा फरशी न काढता तिच्यावरच ग्रॅनाइट बसवला होता. १८ मिमीची लादी आणि खालचा मसाला धरून ओटा जवळपास ५० मिमीने वर आला. रॅम्प तेवढाच राहिला, मग गवंड्याने शेवटचा मीटर भरून तो ओट्याला भिडवला. नूतनीकरणात हे सर्रास घडतं, कारण फरशीचं काम एकाकडे असतं, रॅम्पचं दुसऱ्याकडे, आणि अंतिम पातळी दोघांनाही कोणी लिहून दिलेली नसते.

ताई आणि त्यांची व्हीलचेअर मिळून वजन ८० किलो धरू. १:१२ वर ते निव्वळ उतारावर रोखून धरायलाच साडेसहा-सात किलोचा जोर लागतो, १:८ वर जवळपास दहा किलोचा. कोरड्या दिवशी सरावलेला माणूस हा एक मीटर दात-ओठ खाऊन पार करतो. पावसात मात्र चाकाबाहेरची स्टीलची कडी ओली असते, तळवे ओले असतात, पकडच बसत नाही. त्यात रॅम्पवरही तोच गुळगुळीत ग्रॅनाइट. शेवटच्या मीटरवर ताईंचे हात कडीवरून सटकले आणि खुर्ची वीतभर मागे आली. मी मागे उभा होतोच. त्यांनी एका हाताने रेलिंग धरलं आणि म्हणाल्या, “चढताना निदान मागे कोणीतरी असतं हो. उतरताना बघा.” उतरताना तीच ओली कडी ब्रेकचं काम करते, आणि ओल्या हातांत ती नुसती फिरत राहते. कोरड्या दिवसाच्या कोणत्याही मापात हे येणार नाही.

रॅम्पच्या पायथ्याशी डबकं होतं. पेव्हर ब्लॉकखालची वाळू पाण्याबरोबर वाहून गेली की ब्लॉक खचतात. इथे ते खचून २० मिमीची कड वर आली होती आणि ती पाण्याखाली अजिबात दिसत नव्हती. व्हीलचेअरची पुढची चाकं लहान असतात. २० मिमीची कड त्यांना खडकन अडवते आणि माणूस पुढे झुकतो. उंबरा असो वा जोड, १२ मिमीच्या वर जाऊ नये, तोही कड तासून. बाजूच्या पावसाळी गटाराच्या जाळीच्या पट्ट्या जाण्याच्या दिशेला समांतर होत्या. त्या आडव्या हव्यात आणि फटी १२ मिमीपेक्षा रुंद नकोत, नाहीतर पुढचं चाक आणि काठीचं टोक दोन्ही आत जातं.

दारापाशी वेगळाच प्रश्न निघाला. पाऊस सुरू झाला की वॉचमन काका गोणपाट अंथरतात, लोक घसरू नयेत म्हणून. हेतू चांगलाच. पण ते गोणपाट नेमकं पिवळ्या स्पर्शफरश्यांवर पडतं. लांब पट्ट्यांची फरशी चालण्याची दिशा दाखवते, ठिपक्यांची फरशी ‘थांबा, पुढे पायरी किंवा दार आहे’ असं सांगते. काठीला त्यातलं काहीच लागलं नाही. शिवाय प्रवेशावर पॉलिकार्बोनेटचं छप्पर. एरवी आमचे सहकारी दार आवाजावरून ओळखतात: आतला पंखा, लोकांचं बोलणं. पावसाच्या तडतडाटात ते सगळं बुडालं आणि ते दार सोडून सरळ छत्र्यांच्या बादलीवर गेले. आत रांगेचे नंबर तोंडी पुकारत होते, तेही त्या आवाजात कोणाला ऐकू येत नव्हते. ज्यांना कमी ऐकू येतं त्यांच्यासाठी आकडे दाखवणारा फलक हवा. उच्चार आणि अक्षर दोन्ही एकाच वेळी लागतात.

दिव्यांगांसाठीच्या स्वच्छतागृहाचं माप ठीक होतं, पण कमोडशेजारी व्हीलचेअर लावायच्या ९०० मिमी जागेत ओल्या मॉपच्या बादल्या होत्या आणि धोक्याच्या घंटेची दोरी वर गुंडाळून बांधलेली. पडलेल्या माणसाच्या हाताला ती जमिनीपासून ३०० मिमीवर लागली पाहिजे. दोरी तिथल्या तिथे सोडवली.

दुपारी तिथल्या अभियंत्यांबरोबर बसलो. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमातलं कलम ४५ जुन्या सार्वजनिक इमारतीही सुगम्य करायला सांगतं हे त्यांना माहीत होतं. त्यांना कामांची यादी हवी होती. लगेच होणारी कामं त्याच दिवशी ठरली. गोणपाटाऐवजी पावसाळ्यापुरती खालून रबर असलेली पातळ पायपुसणी, स्पर्शफरश्यांची ओळ पूर्ण मोकळी सोडून. छत्र्यांची बादली दुसऱ्या बाजूला. रॅम्पवर घसरणरोधक खरखरीत पट्ट्या आडव्या चिकटवायच्या, पण त्या कोरड्या दगडावरच धरतात, म्हणून उघडीप बघून. कायमची पायपुसणी फरशीत खाच करून, पृष्ठभागाशी समतल बसेल.

रॅम्पचं खरं काम पावसाळ्यानंतर. शेवटच्या मीटरवर आणखी एक थर देऊन भागणार नाही. वरून खालपर्यंत पृष्ठभाग फोडून, पायथा अंगणात साधारण एक मीटर पुढे नेऊन, ६.७ मीटरवर एकसारखा १:१४ उतार घ्यायचा. वर पॉलिश नको. काँक्रीटला आडवा ब्रश, किंवा जाळून खरखरीत केलेला ग्रॅनाइट. रेलिंग दोन उंचींवर, ७६० आणि ९०० मिमी, आणि दोन्ही टोकांना ३०० मिमी पुढे नेलेलं. सध्याचं रेलिंग रॅम्पबरोबरच संपतं, म्हणजे हाताला आधार जिथे सर्वांत जास्त हवा तिथेच सुटतो. छप्पर रॅम्पच्या रुंदीइतकंच असून उपयोग नाही, इथला पाऊस तिरपा येतो. दोन्ही बाजूंना ते बाहेर काढायला हवं. पायथ्याशी आडवी जाळी आणि पेव्हरखाली पक्कं काँक्रीट.

काम झाल्यावरची तपासणी दोनदा करायची असं कागदावर घेतलं: एकदा पाणसळीने दर अर्ध्या मीटरवर, आणि एकदा पाण्याचा पाइप सोडून, ओल्या रॅम्पवर, व्हीलचेअरमध्ये माणूस बसवून. दुसऱ्या तपासणीला ताई येणार आहेत.