लेन्स तपासायला बसलो, शटरच मोजत राहिलो

दीड महिन्यात सहा रोल संपले. तीन जुने, मोठ्या रोल फिल्मचे कॅमेरे: हॅसलब्लॅड ५००सी/एमवर ८० मिमी प्लॅनार लेन्स, मामिया आरबी६७ वर १२७ मिमी सेकॉर लेन्स, आणि याशिकामॅट १२४जी, तिची लेन्स याशिनॉन. प्रत्येकाला दोन रोल दिले. चौकोनी फ्रेमच्या दोघांच्या ४८ फ्रेम आणि आरबीच्या २०, मिळून ६८. फिल्म एकच, १२५ आयएसओची कृष्णधवल. डेव्हलपर एकच, तापमान २० अंश. कोणती लेन्स सरस ते एकदाचं स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं, एवढाच बेत होता.

पहिल्याच तीन रोलनंतर तो फसला. तीच विटांची भिंत, तोच प्रकाश, तेच एक्स्पोजर, तरी एका कॅमेऱ्याच्या संथ वेगाच्या निगेटिव्ह उरलेल्या दोघांपेक्षा ठळकपणे दाट. दाट निगेटिव्हवर बारीक तपशील वेगळाच दिसतो, मग तुलना कसली? फोनवर शटरचा आवाज रेकॉर्ड केला आणि उघडण्या-मिटण्याच्या दोन टिकटिकांमधलं अंतर मोजलं. एक सेकंद म्हणवणारं शटर पावणेदोन सेकंद उघडं राहत होतं, म्हणजे सुमारे ०.८ स्टॉप जादा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश). निगेटिव्ह फिल्म हे पोटात घालते, स्लाइड फिल्म अजिबात नाही. कॅमेरा कोणता ते सांगत नाही, कारण दोष त्याचा नाहीच. इतक्या वर्षांत वंगण सुकून चिकट होणारच. साफसफाई झाली आणि वेग ताळ्यावर आला. (आवाजाची ही युक्ती १/३० पर्यंतच चालते. १/५०० साठी प्रकाश ओळखणारा सेन्सर लागतो. तो अजून जोडायचाय.)

आता लेन्सबद्दल. दहापट मोठं दाखवणाऱ्या लूपखाली (भिंगाखाली) एफ/८ ला, म्हणजे लेन्सचं छिद्र बरंच लहान करून, प्लॅनार आणि सेकॉर यांच्यात फ्रेमच्या मध्यभागी मला फरक सापडला नाही. पुन्हा पुन्हा बघितलं, तरी नाही. याशिनॉन चार काचांची, टेसार या जुन्या लेन्सच्या घाटणीची, एफ/३.५ ला (पूर्ण उघड्या छिद्राला) तिचे कोपरे सरळ मऊ पडतात, पण एफ/११ ला तीही बरोबरीला येते. आणि तीनपैकी हातात धरून काढलेल्या फ्रेममध्ये सगळ्यात जास्त चांगल्या निघाल्या त्या याशिकाच्याच! याशिका टीएलआर आहे, म्हणजे बघायला एक आणि फोटोला दुसरी अशा दोन लेन्सचा कॅमेरा, आणि त्यात आरसा हलत नाही. १/३० ला तो गपगुमान क्लिक करतो, तर हॅसलब्लॅडमध्ये आरसा आणि मागची दोन झडपं मिळून दणका देतात. ट्रायपॉडवर क्रँकशेजारची छोटी खिटी दाबून आरसा आधीच वर केला की प्लॅनार काय आहे ते कळतं. आरबीत हेच काम लेन्सवरची कळ फिरवून आणि लेन्सलाच केबल रिलीज लावून करायचं.

आरबीचं खरं सुख म्हणजे भाता, लेन्स पुढे सरकवणारी घडीची पिशवी. वेगळी नळी न लावता जवळ जाता येतं. फक्त एक्स्पोजर वाढवायचं भान हवं. भाता ४० मिमी बाहेर काढला तर १६७ भागिले १२७, त्याचा वर्ग १.७३, म्हणजे जवळपास पाऊण स्टॉप. मी एका फ्रेमला विसरलो आणि फुलाऐवजी अंधार मिळाला.

हॅसलब्लॅडवर जवळचं काढताना वेगळीच फजिती. एक्स्टेन्शन ट्यूब (लेन्स पुढे नेणारी नळी) आधी बॉडीला लावायची, मग तिच्यावर लेन्स. काढताना आधी लेन्स, मग ट्यूब. मी घाईत क्रम उलटा केला आणि सगळं जाम. शेवटी बॅक (फिल्मचा मागचा डबा) काढून, झडपं उघडून, लांब स्क्रूड्रायव्हरने आसाची खाच घड्याळाच्या दिशेने फिरवली, ‘खट्’ आवाज आला आणि जीव भांड्यात पडला. मागच्या काचेला ओरखडा गेला नाही हे नशीब.

भरवशाचा विचार करताना या कंपनीचाच इतिहास आठवतो. १९४८ च्या १६००एफमध्ये बॉडीत धातूच्या पातळ पत्र्याचा पडदा होता, १/१६०० वेगाचा, पण नाजूक. १९५७ च्या ५००सीने तो टाकून लेन्समध्येच लीफ शटर (पाकळ्यांसारखं उघडणारं) घेतलं आणि १/५०० वर समाधान मानलं. त्या बदल्यात फ्लॅश कुठल्याही वेगाला जुळतो, आणि शटर रुसलं तर तेवढी लेन्सच दुरुस्तीला जाते. एकच लेन्स असेल तर अर्थात घरी नुसता डबाच उरतो!

फिल्मच्या सपाटपणाबद्दलही एक नोंद. बॅकमध्ये रोळावरून वळलेली फिल्म दोन-तीन दिवस तशीच राहिली की तिथे बाक येतो आणि पुढची फ्रेम उघड्या अॅपर्चरला मऊ निघते. दोन फ्रेम अशा गेल्यावर प्लॅनारला उगाच शिव्या घातल्या होत्या. आता रोल सुरू केला की त्याच दिवशी संपवतो.

पुढचा पाहुणा पेंटॅक्स ६७, १०५ मिमी एफ/२.४ सह, मित्राकडून महिनाभरासाठी. पडद्याचं शटर, बॅटरीशिवाय ठप्प, फ्लॅश फक्त १/३० पर्यंत. मीटरवालं प्रिझम (प्रकाश मोजणारा वरचा दर्शक) आधी बसवायचं आणि लेन्स नंतर, नाहीतर आतली बारीक साखळी तुटू शकते. हे मी कागदावर लिहून केसला चिकटवलंय. लेन्स जुनी, थोरियमच्या काचेची, त्यामुळे चहासारखी पिवळी. अशी काच अतिनील प्रकाशात पुन्हा उजळते, म्हणून सध्या ती खिडकीत ऊन खात पडलीय.