मेणाच्या दिंड्या

माझं माहेर लोणंदचं. माउलींची पालखी आमच्याकडे मुक्कामाला असते, त्यामुळे वारी म्हटलं की मला आठवतं ते पिठल्याचं मोठं पातेलं आणि ओसरीवर झोपलेली अनोळखी माणसं. आजी म्हणायची, आपली वारी दारात येते, आपण कशाला जायचं? तिचं खरं धरून मी एकदाही चालले नाही. चालले ती थेट बव्हेरियात, वयाच्या एकेचाळीसाव्या वर्षी, आंडेक्स नावाच्या तीर्थक्षेत्राला.

म्युनिकमध्ये आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक आजी राहतात. सत्तरी कधीच ओलांडलेली, पण अकरा वर्षांच्या शेजारानंतरही आम्ही एकमेकींना आडनावानेच हाक मारतो. त्यांच्या चर्चची माणसं दर वर्षी येशूच्या स्वर्गारोहणाच्या गुरुवारी आंडेक्सला चालत जातात. ईस्टरनंतर एकोणचाळीस दिवसांनी येणारा हा सण बहुधा मे महिन्यात पडतो. ‘तुमच्याकडेही असं काही असतं ना, येता का?’ असं त्यांनी जिन्यात विचारलं आणि मी हो म्हणून बसले.

सकाळी सातला श्टार्नबेर्ग स्टेशनबाहेर तीसेक जण जमलो होतो. पुढे लाकडी क्रूस घेतलेला एक पोरगा आणि पाठीवर लाउडस्पीकर बांधलेला एक धिप्पाड गृहस्थ. माझ्या पायात नवे बूट होते. (माझी आजी असती तर ओरडली असती. वारीला कोणी नवी चप्पल घालतं का?) गाव संपलं की मायझिंगची घळ लागते. ओढ्याकाठची बीचची झाडं, ओली पायवाट आणि मधूनच निळ्या पाटीवर पिवळा शिंपला, कारण म्युनिकहून स्पेनमधल्या सांतियागो या तीर्थाकडे जाणारी वाटही इथूनच जाते आणि शिंपला ही तिची खूण.

घळीत शिरल्यावर जपमाळ सुरू झाली. लाउडस्पीकरवाला मारियेच्या प्रार्थनेचा पहिला अर्धा म्हणायचा, ‘तुझ्या उदराचं फळ येशू धन्य’ इथपर्यंत, आणि उरलेला अर्धा मागचे सगळे उचलायचे. दहा वेळा झालं की एक आवर्तन संपे. टाळ नाही, मृदंग नाही, आवाज वर चढत नाही. पहिली दहा मिनिटं मला ते फार कोरडं वाटलं. मग लक्षात आलं की पावलं त्या दोन अर्ध्यांत आपोआप बसली आहेत. चढावर म्हाताऱ्यांचा श्वास तुटायचा तेव्हा पुढचे त्यांचा अर्धाही म्हणून टाकत.

मायझिंगचं तळं, आशेरिंग, मग रोटेनफेल्ड. एकूण सोळाएक किलोमीटर. वाटेत आम्हाला भलत्याच दिंड्या भेटल्या. जर्मनीत हाच गुरुवार ‘बापांचा दिवस’ म्हणूनही पाळतात, आणि बायकापोरांना घरी ठेवून पुरुषमंडळी हातगाडीत बिअरचे खोके भरून रानोमाळ निघतात. अशी एक गाडी आमच्या क्रुसासमोर आली. गाणं थांबलं, टोप्या उतरल्या, आम्ही पुढे गेलो आणि मागे पुन्हा गाणं सुरू. कोणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. मला मात्र हसू आवरेना.

रोटेनफेल्ड मागे टाकलं की टेकडीवर कांद्याच्या आकाराचा कळस दिसतो. आमच्या आजी थांबल्या आणि छातीवर क्रूस काढला. कळस दिसला की हात जोडायचे, हे मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

टेकडीवर मठ, पायथ्याला एर्लिंग. लोक सगळ्यालाच आंडेक्स म्हणतात, पण घरं, शेतं आणि संत व्हीटसचं गावचर्च आहे ते एर्लिंगचं. टेकडीवर आधी आंडेक्सच्या सरदारांचा गढीवजा किल्ला होता. तेराव्या शतकाच्या मध्यावर तो पाडला गेला, आणि परंपरेने रास्सो नावाच्या सरदाराने पवित्र भूमीहून आणलेले संतांचे अवशेष कुठेतरी दडवले गेले. ते सापडले १३८८ मध्ये. कथा अशी की, प्रार्थना चालू असताना एका उंदराने चर्मपत्राचा तुकडा बाहेर ओढून आणला आणि त्यावर अवशेषांची यादी होती. उंदराचं नाव निघताच मी आपसूक कानाच्या पाळ्या धरल्या. आजींनी पाहिलं, पण विचारलं काही नाही.

१४५५ मध्ये ड्यूक तिसऱ्या आल्ब्रेख्टने इथे बेनेडिक्टाइन मठ वसवला. १६६९ मध्ये आग लागली, पुन्हा बांधलं. मठाच्या तीनशेव्या वर्षासाठी योहान बाप्टिस्ट त्सिमरमानने आतली सजावट केली. सोनं, ढग, गुलाबी देवदूत. खरं सांगायचं तर माझे डोळे दिपले आणि पाच मिनिटांत थकलेही. १८०३ मध्ये सरकारने मठ बंद केला. १८४६ मध्ये राजा पहिल्या लुडविगने तो विकत घेतला आणि १८५० मध्ये म्युनिकच्या संत बोनिफास मठाला दिला. तो आजही त्यांच्याकडेच आहे. संगीतकार कार्ल ओर्फची कबरही याच चर्चमध्ये आहे.

मला जास्त भिडला तो सतराव्या शतकातला एक साधू, माउरुस फ्रीझनेगर. जवळच्या डीसेन गावचा, पाववाल्याचा मुलगा. एर्लिंगचं गावचर्च त्याने सांभाळलं आणि पुढे १६४० मध्ये तो मठाधिपती झाला. १६२७ ते १६४८ अशी त्याने रोजनिशी ठेवली. युरोपात कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांच्यातलं ‘तीस वर्षांचं युद्ध’ चालू होतं. १६३२ मध्ये स्वीडिश सैन्य आलं, नंतर आपल्याच बाजूची सैन्यं आली आणि त्यांनीही तितकंच लुटलं, मग प्लेग. कुठल्या घरची जनावरं नेली, कोण उपाशी मेलं, हे या एवढ्याशा गावाचं त्याने लिहून ठेवलं आहे. या सालांपाशी मी अडखळले. १६३० चा दुष्काळ, तुकोबांच्या घरी उपासमारीने गेलेली बायको, ते सगळं त्याच वर्षांतलं. त्यांना एकमेकांचा देशही ठाऊक नसणार.

गावाची आणखी एक खूण टेकडीत पुरलेली आहे. १९६४ पासून युर्गन आशोफ आणि रुटगर वेव्हर या शास्त्रज्ञांनी इथे जमिनीखालच्या खोल्यांत माणसं ठेवली. घड्याळ नाही, ऊन नाही, बाहेरचा आवाज नाही, आणि असं कित्येक आठवडे. पाव शतकात चारशेहून अधिक लोक तिथे राहून गेले. शरीराला स्वतःचं घड्याळ असतं, पण बाहेरून कोणी जुळवलं नाही तर ते बहुतेकांचं थोडं मागे पडत जातं, हे तिथे दिसलं. वर घंटा तासातासाला वाजत होती आणि खाली एखादा पहाटे तीनला दुपारचं जेवण रांधत होता.

आमच्या गटाला मेणबत्त्यांची कोठडी दाखवली. खरी गोष्ट मला तिथे सापडली. दोनशेहून जास्त मेणबत्त्या, काही चांगल्या उंच आणि जाडजूड. जाळण्यासाठी नाहीतच. गावंच्या गावं इथे चालत येतात आणि आपली मेणबत्ती ठेवून जातात. प्रत्येकीवर रंगवलेलं चित्र, गावाचं नाव, साल. काहींचं मेण तपकिरी झालंय, एकीला मधोमध बाक आलाय. मी नावं वाचत गेले. आमच्याकडे दिंडीला नंबर असतो, रथापुढे अमुक, रथामागे तमुक, आणि दिंडी पुढच्या गावी निघून जाते. ओसरीवर काय उरायचं? चुलीची राख आणि कधी विसरलेला पंचा. आजीने एवढ्या वर्षांत जेवू घातलेल्यांपैकी एकाही गावाचं नाव आम्ही कुठे लिहून ठेवलं नाही. इथे यजमानाच्या घरात सगळे पाहुणे उभे होते, नावानिशी.

मग मठाच्या बिअरघरात जेवण. आमच्या आजींनी लिटरभराचा मग घेतला, मी शाकाहारी म्हणून प्रेट्झेल, मुळा आणि पॅप्रिका घालून कुस्करलेलं चीज. तीर्थक्षेत्री बिअर म्हणजे कसंसंच झालं होतं, पण ती मठाच्याच कारखान्यात बनते आणि तिच्यावरच मठ चालतो. बूट काढले तर दोन्ही टाचांना फोड. आजींनी न बोलता पर्समधून सुई आणि पट्ट्या काढल्या, माझा पाय मांडीवर घेतला. लोणंदला हे मी दुसऱ्यांचं केलं होतं. माझं कोणी करायची ही पहिलीच वेळ, आणि मला बघवेना, म्हणून मी शेजारच्या टेबलावरचे मग मोजत बसले.

संध्याकाळी लंगडत कीनटालच्या दरीतून हेरशिंगला उतरले, आमरझे तळ्याकाठी. गाडीत बसल्यावर आईला फोन लावला.

‘मुक्काम कुठे आहे?’ तिने विचारलं.

‘मुक्काम नाही गं. सकाळी निघाले, आता घरी चाललेय.’

‘एका दिवसात? मग ती वारी कसली, फेरी झाली,’ आई म्हणाली. ‘मिठाच्या पाण्यात पाय घालून बस. आणि त्या बाईंना काहीतरी करून ने खायला.’