परत पाठवलेला एक, ठेवलेला एक: माझी लॅपटॉप खरेदी

गेली आठ वर्षं माझं सगळं काम एकाच लॅपटॉपवर झालं. अनुवाद, मुद्रितशोधन आणि अधूनमधून पुस्तकाच्या पानांची मांडणी, एवढाच माझा पसारा. त्या लॅपटॉपमध्ये इंटेलचा आय५-७२००यू हा दोन कोअरचा, म्हणजे एकाच वेळी काम करणाऱ्या दोन भागांचा, प्रोसेसर होता आणि ८ जीबी रॅम. चौथ्या वर्षी तो फार रेंगाळायला लागला, तेव्हा जुनी हार्डडिस्क काढून एसएसडी बसवून घेतली आणि तो पुन्हा तरतरीत झाला. म्हणून गेल्या वर्षी नव्यानं कुरबुरी सुरू झाल्या तेव्हाही माझ्या डोक्यात पहिला विचार दुरुस्तीचाच आला.

डावीकडची बिजागरी सैल झाली होती. झाकण उघडताना खालच्या चौकटीचं प्लास्टिक कोपऱ्यातून वर उचललं जायचं, म्हणून मी दोन्ही हातांनी जपून उघडायचे. बॅटरीचं काय झालंय ते बघायला विंडोजकडून बॅटरी रिपोर्ट काढला. त्यात दोन आकडे महत्त्वाचे असतात: बॅटरी कोरी असतानाची क्षमता आणि आज ती पूर्ण भरली तर किती भरते. माझ्या ४१,००० मिलिवॉट-अवरपैकी १५,८०० उरले होते. हे दोन्ही बदलून घेता आलं असतं. पण १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा सपोर्ट संपला, आणि विंडोज ११ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. माझा सातव्या पिढीचा. लॅपटॉपचा प्रोसेसर मदरबोर्डला डाग देऊन बसवलेला असतो, तो काही बदलता येत नाही. सुरक्षा अपडेट आणखी वर्षभर मिळवायची सोय होती, ती घेतली आणि त्या अवधीत शांतपणे शोध सुरू केला.

एसएसडी बदलता आली म्हणून हा लॅपटॉप आठ वर्षं टिकला, आणि प्रोसेसर बदलता येत नाही म्हणून अडला. नव्याची यादी करायला बसले तेव्हा हेच मनात होतं. कागदावर मधोमध एक उभी रेघ मारली. डावीकडे नंतर बदलता न येणाऱ्या गोष्टी लिहिल्या: स्क्रीन, कीबोर्ड, प्रोसेसर, डाग दिलेली रॅम, पोर्ट, वजन. उजवीकडे बदलता येणाऱ्या: एसएसडी, बॅटरी, स्लॉटमध्ये बसणारी रॅम. ज्यादा पैसे मोजायचे ते डावीकडच्यासाठी, असं ठरवून टाकलं.

मग आठवडाभर आपल्याच कामावर पाळत ठेवली. कुठलं सॉफ्टवेअर किती रॅम आणि प्रोसेसर वापरतंय ते दाखवणारा विंडोजचा टास्क मॅनेजर उघडा ठेवून दिवसातून चार-पाच वेळा आकडे टिपले. दोन शब्दकोश, ब्राउझरचे पंचवीसेक टॅब, वर्डमधली मोठी फाइल आणि मांडणीचं सॉफ्टवेअर एकदम चालू असलं की ८ जीबीतली ७च्या वर रॅम भरलेली असायची. प्रोसेसर मात्र क्वचितच दमलेला दिसायचा. अडचण रॅमची होती, हे तिथं कळलं.

माझी भाची संगणकशास्त्र शिकते. तिला मी ग्राफिक्स कार्डाचं विचारलं. ती म्हणाली, ‘‘मावशी, तू गेम खेळत नाहीस, व्हिडिओ एडिट करत नाहीस. वेगळं कार्ड घेतलंस तर वजन वाढेल, पंखा ओरडेल आणि बॅटरी लवकर उतरेल. त्यापेक्षा रॅम बघ.’’ तिचं म्हणणं मनापासून पटलं आणि निम्मे लॅपटॉप यादीतून तिथंच गेले.

प्रोसेसरच्या नावांनी मात्र फार वेळ खाल्ला. आपल्याला वाटतं आय७ म्हणजे आय५पेक्षा सरस. पण अकराव्या पिढीच्या आय७-११६५जी७मध्ये ४ कोअर आहेत, तर तेराव्या पिढीच्या आय५-१३३५यूमध्ये २ मोठे आणि ८ छोटे मिळून १०. अशा नव्या प्रोसेसरांत डॅशनंतरचे पहिले दोन आकडे ही पिढी (माझ्या जुन्या ७२००यूमध्ये पहिला एकच); आधी ती वाचायची आणि मग आय५ की आय७ ते बघायचं. शेवटच्या अक्षरालाही अर्थ असतो: यू म्हणजे कमी वीज खाणारा, एच म्हणजे जास्त ताकदीचा आणि जास्त तापणारा. एएमडीच्या रायझेन ७०००च्या मालिकेत तर पहिल्या आकड्यानं मी पुरती फसले असते. तिथं तिसरा आकडा खरं सांगतो. ७५२०यूमधला २ म्हणजे झेन २, ही २०१९मध्ये आलेली रचना, आणि कोअर ४. ७५३०यूमधला ३ म्हणजे झेन ३, आणि कोअर ६. जाहिरातीत दोघांच्याही पुढे ‘रायझेन ५, ७००० मालिका’ एवढंच ठळक छापलेलं असतं. घेणाऱ्यानं पूर्ण क्रमांक विचारलाच पाहिजे, आणि सांगणाऱ्यानं तो सांगितलाच पाहिजे, असं मला फार वाटतं.

स्नॅपड्रॅगन या आर्म जातीच्या, इंटेल-एएमडीहून वेगळ्या रचनेच्या प्रोसेसरच्या लॅपटॉपचाही मोह पडला होता, त्यांची बॅटरी खरंच उत्तम चालते. पण माझं मांडणीचं जुनं सॉफ्टवेअर यूएसबी डोंगल, म्हणजे परवान्याची छोटी किल्ली, लावल्याशिवाय उघडत नाही. आर्म प्रोसेसरवरचं विंडोज साधी जुनी सॉफ्टवेअर रूपांतर करून चालवतं, ड्रायव्हर, म्हणजे जोडलेलं उपकरण चालवणारं छोटं सॉफ्टवेअर, मात्र त्याला खास आर्मसाठी लिहिलेलाच लागतो. माझ्या डोंगलचा तसा ड्रायव्हर निघालेलाच नाही. एका डोंगलमुळे तो पर्याय बाद झाला. ज्याच्याकडे जुना प्रिंटर, स्कॅनर किंवा असं काही आहे त्यानं हे आधी तपासावं.

रॅमचं तर ठरलंच होतं, १६ जीबीच्या खाली जायचं नाही. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलं की स्क्रीनचं कामही याच रॅममधून भागतं, तेव्हा ८ जीबी म्हणजे प्रत्यक्षात ८पेक्षा कमीच. पुष्कळ पातळ लॅपटॉपमध्ये सगळी रॅम डाग दिलेली असते. माहितीपत्रकात ‘एलपीडीडीआर’ असं लिहिलेलं असलं तर जवळजवळ नक्कीच. ती घेतली की जन्मभर तेवढीच. मी असा शोधला की ज्यात ८ जीबी बोर्डावर आणि एक स्लॉट मोकळा वापरायला. आज त्या स्लॉटमध्ये ८ची पट्टी, उद्या लागली तर मोठी.

स्क्रीन हा मात्र माझ्यासाठी खरा जिवाचा विषय. दिवसाचे आठ-नऊ तास मी पांढऱ्यावर काळी अक्षरं वाचते. वेलांटी ऱ्हस्व आहे की दीर्घ, अनुस्वार आहे की तो पडद्यावरचा ठिपका, हे लगेच दिसलं पाहिजे. म्हणून स्क्रीन कागदावर वाचून घ्यायची नाही, असं ठरवलं. पेनड्राइव्हमध्ये स्वतःच्या कामातलं एक पान पीडीएफ करून नेलं, जोडाक्षरांनी गच्च भरलेलं, शिवाय एका मुखपृष्ठाचं चित्र. दुकानात मांडलेल्या लॅपटॉपवर कंपनीचा झगमगता व्हिडिओ चालू असतो, त्यात सगळ्याच स्क्रीन सुंदर दिसतात. मी विनंती करून तो बंद करायला लावला आणि माझं पान उघडलं. मग लक्षात यायला लागलं. एकावर मान जराशी खाली केली की मजकूर राखाडी व्हायचा. एकावर मागचे दिवे इतके चकाकायचे की ओळीच्या मधोमध मला माझाच चेहरा दिसायचा. मुखपृष्ठावरचा कुंकवासारखा लाल रंग एका ठिकाणी चक्क विटकरी दिसला. त्या लॅपटॉपच्या माहितीपत्रकात ‘४५ टक्के एनटीएससी’ लिहिलेलं होतं. एनटीएससी आणि एसआरजीबी ही स्क्रीन किती रंग दाखवू शकते ते सांगणारी मापं. हा आकडा दिसला की रंग फिके असणार हे मी आता धरूनच चालते; ‘१०० टक्के एसआरजीबी’ हवं. उजेडासाठी २५० निट्स घरात कसेबसे पुरतात, खिडकीशी बसायचं तर ४०० बरे.

आणखी एक, १९२० बाय १०८०ऐवजी १९२० बाय १२०० घेतली. वरून खाली १२० पिक्सेल जास्त. ऐकायला किरकोळ वाटतं, पण पानाच्या चार-पाच ओळी जास्त दिसतात आणि दर मिनिटाला होणारं वरखाली सरकवणं कमी होतं.

कीबोर्डवर उभ्या उभ्या एक अख्खा परिच्छेद टंकून बघितला. विक्रेता कंटाळला असेल, तरी त्यानं टंकू दिलं, याचं मला कौतुक आहे. दोन लॅपटॉपवर वर-खाली बाणाच्या कळा अर्ध्याच उंचीच्या होत्या. मुद्रितशोधनात बोट सतत बाणांवर असतं. ते दोन्ही सोडले. पोर्टांमध्ये माझा हट्ट एवढाच की चार्जिंग टाइप-सीनं व्हावं. दिसायला सगळे टाइप-सी सारखेच, पण काहींतून नुसती फाइल जाते, चार्जिंग होत नाही आणि बाहेरचा मॉनिटरही चालत नाही. हे प्रत्येक पोर्टाबद्दल वेगळं विचारावं लागतं.

एवढं सगळं करूनही पहिला लॅपटॉप परत पाठवायची वेळ आली. दुकानात बघितलेलंच मॉडेल एका ऑनलाइन विक्रेत्याकडे मिळत होतं, मागवलं. खोकं उघडताना व्हिडिओ काढला, लॅपटॉप सुरू केला, माझं पान उघडलं आणि पोटात खड्डा पडला. अक्षरं तीच, पण पानाला आजारी माणसाच्या चेहऱ्यासारखी निळसर कळा. मुखपृष्ठाचा लाल पुन्हा विटकरी. लॅपटॉप उलटा करून लेबल वाचलं. मॉडेलचं नाव तेच होतं, मात्र त्याखालच्या लांबलचक क्रमांकाची शेवटची दोन अक्षरं वेगळी. त्या दोन अक्षरांत स्क्रीन बदललेली होती. विक्रेता आधी ‘मॉडेल तेच आहे’ असंच म्हणत राहिला. सुदैवानं मागवलं त्या दिवशी मी त्यांच्या पानाचा स्क्रीनशॉट काढून ठेवला होता आणि त्यावर १०० टक्के एसआरजीबी स्पष्ट लिहिलेलं होतं. तो पाठवला, लेबलचा फोटो पाठवला, तेव्हा परतीची प्रक्रिया सुरू झाली. पैसे मिळेपर्यंत बारा दिवस गेले. त्या बारा दिवसांत मला सर्वांत जास्त त्रास झाला तो या विचाराचा, की ज्यानं दुकानात जाऊन बघितलेलं नसेल त्याला ही फसगत कळणारही नाही. तो वर्षानुवर्षं फिक्या पडद्यावर डोळे ताणत बसेल.

दुसऱ्यांदा आधी पूर्ण क्रमांक लिहून मागितला आणि तोच बिलावर घालून घेतला. आलेला लॅपटॉप १४ इंची आहे, आय५-१३३५यू, १६ जीबी, ५१२ जीबी एसएसडी. विंडोजमध्ये ती ४७६ दिसते, त्यानं दचकायचं कारण नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४च्या. परतीची मुदत संपायच्या आत मी नेमानं सगळं तपासलं. सिरियल नंबर कंपनीच्या साइटवर घालून वॉरंटी कधी सुरू झाली ते पाहिलं. बॅटरी रिपोर्टमध्ये क्षमता पुरी आहे ना ते पाहिलं. टास्क मॅनेजरमध्ये रॅमचे स्लॉट पाहिले. पूर्ण पडद्यावर एकेक करून काळा, पांढरा, लाल, हिरवा, निळा रंग भरला आणि अंधाऱ्या खोलीत मेलेला पिक्सेल शोधला. नव्हता.

सामान हलवायला दोन दिवस लागले. मायक्रोसॉफ्टच्या खात्यानं लॉगिन केलं की विंडोज ११ बहुतेक वेळा डिस्क आपोआप कुलूपबंद करतं, आणि त्याची ४८ आकडी किल्ली त्या खात्यात जमा होते. मी ती कागदावर उतरवून कपाटात ठेवली. लॅपटॉप कधी बिघडला आणि किल्ली सापडली नाही, तर डिस्क शाबूत असूनही आतलं काम हाताला लागत नाही. दिवसभर तो टेबलावर चार्जरलाच असतो, म्हणून चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सेटिंगही चालू केली.

जुना लॅपटॉप ई-कचऱ्यात देण्याआधी खालचे स्क्रू काढून त्यातली एसएसडी बाहेर काढली आणि यूएसबीच्या खोक्यात बसवली. आता रोज रात्री काम संपलं की ती नव्याला जोडते आणि दिवसभराच्या फायलींचा बॅकअप तिच्यावर घेते.